सिबिल रिपोर्ट फुकट कसा काढायचा आणि ‘ट्रायल’ची मेख कुठे असते

घरासाठी कर्ज काढायचं ठरलं तेव्हा बँकेतल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “सिबिल बघितलंय का?” सिबिल म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींचा रिपोर्ट आणि त्यावरचा आकडा. तो बघितला नव्हता. घरी आलो, फोनवर शोधलं आणि जे पहिलं दिसलं त्यावर बोट ठेवलं. ‘फक्त १ रुपयात ७ दिवस’ असं ठळक अक्षरात होतं. यूपीआयचा पिन टाकला, आकडा बघितला, हायसं वाटलं आणि विसरून गेलो. तीन महिन्यांनी पासबुक भरून आणलं तर दर महिन्याला ४९९ रुपये गेलेले. बायको म्हणाली, “एक आकडा बघायचे दीड हजार?”

त्या संकेतस्थळाचं नाव घेण्यात अर्थ नाही, तशी बरीच आहेत. खोटं म्हणावं असं त्यांनी काही सांगितलंही नव्हतं. बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. पैसे कापण्याआधी मेसेजही आले होते, ते साड्यांच्या सेलच्या आणि लोनच्या मेसेजांत बुडाले. चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. जे मी पैसे देऊन बघितलं, ते मला कायद्याने फुकट मिळायला हवं होतं आणि मिळतही होतं. फक्त ते कुठे आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हा लेख जरा तपशिलात.

आधी हक्काचं काय ते समजून घ्या

आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, जसं कुठल्याही टूथपेस्टला कोलगेट म्हणतो. सिबिल ही एक कंपनी आहे. ती २००० साली स्थापन झाली आणि आता तिचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल आहे. तिच्या जोडीला आणखी तीन कंपन्या आहेत: एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींनाही रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे आणि चौघींचं काम एकच: तुम्ही कुणाकडून किती कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर भरले का, याची नोंद ठेवायची आणि त्यावरून ३०० ते ९०० मधला एक आकडा, म्हणजे स्कोअर, काढायचा. २०१५ पासून प्रत्येक बँकेला आणि वित्त कंपनीला चौघींचं सदस्य व्हावं लागतं. त्यामुळे तुमची कुंडली एकीकडे नाही, चार ठिकाणी असते.

या कंपन्यांसाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखाली सप्टेंबर २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं आणि जानेवारी २०१७ पासून नियम लागू झाला: प्रत्येक कंपनीने प्रत्येक व्यक्तीला कॅलेंडर वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट, स्कोअरसह, फुकट द्यायचा. ‘संपूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. नुसता आकडा नाही, नमुन्याची दोन पानं नाहीत, सगळी खाती. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने पुढे जाऊन सांगितलं की या फुकट रिपोर्टचा दुवा कंपनीच्या संकेतस्थळावर ठळक दिसला पाहिजे.

चार कंपन्या, म्हणजे वर्षाला चार फुकट रिपोर्ट. ते एकाच दिवशी काढून मोकळं होण्यापेक्षा वाटून घ्या: जानेवारीत सिबिल, एप्रिलमध्ये एक्स्पेरियन, जुलैत इक्विफॅक्स, ऑक्टोबरमध्ये क्रिफ. दर तीन महिन्यांनी एक नजर पडते आणि बहुतेकांना एवढी देखरेख पुष्कळ होते. कर्ज तोंडावर आलं असेल तर मात्र चारही एकदम काढा, कारण बँक चौघींपैकी कुणाचा रिपोर्ट मागवेल ते आपल्या हातात नसतं.

कॅलेंडर वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, आर्थिक वर्ष नव्हे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दुसरा असे दोन रिपोर्ट पंधरा दिवसांच्या अंतराने घेता येतात. मधल्या काळात एखादी दुरुस्ती करून घेतली असेल, तर ती झाली की नाही हे बघायला हे बरं पडतं.

‘ट्रायल’ हा धंदा आला कुठून

ही युक्ती अमेरिकेत जन्मली आणि तिथल्या कज्जांवरून ती कशी चालते ते नीट कळतं. २००३ मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला की प्रत्येकाला तिन्ही मोठ्या कंपन्यांकडून वर्षाला एक रिपोर्ट फुकट मिळेल. त्यासाठी ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉम हे एकच अधिकृत संकेतस्थळ ठरलं. पण लोकांच्या तोंडी असलेलं नाव दुसरंच होतं: फ्री क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉम. ते एक्स्पेरियनच्या एका उपकंपनीचं होतं. तिथे रिपोर्ट ‘फुकट’ मिळायचा, पण कार्ड नंबर द्यावा लागायचा आणि ३० दिवसांत सदस्यत्व रद्द केलं नाही तर वर्षाचे ७९.९५ डॉलर कापले जायचे. २००५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि कंपनीला ९,५०,००० डॉलर सोडावे लागले. २०१० पासून अशा जाहिरातींवर ‘कायद्याने मिळणारा फुकट रिपोर्ट इथे नाही, तिथे आहे’ अशी सूचना छापणं सक्तीचं झालं. तरी खोड गेली नाही. जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या ग्राहक आर्थिक संरक्षण खात्याने ट्रान्सयुनियन आणि इक्विफॅक्सवर मिळून २ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त भरपाई आणि दंड लावला. त्यातला एक आरोप हाच होता: ‘फुकट’ किंवा ‘१ डॉलर’ म्हणून बोलवायचं आणि ट्रायल संपली की महिन्याला १६ डॉलर किंवा जास्त घ्यायचे.

यात फसवणुकीपेक्षा माणसाच्या विसराळूपणावर भिस्त आहे. एक रुपया ही किंमत नसतेच. तुमचा कार्ड नंबर किंवा ऑटोपेची, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, ही किंमत असते. म्हणून एक साधी खूण पक्की करा: हक्काचा फुकट रिपोर्ट काढताना पैसे भरायचं पान लागत नाही. कार्ड, सीव्हीव्ही, यूपीआय पिन यांपैकी काहीही मागितलं, तर तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात. परत फिरा.

अमेरिकेत असलेल्या आपल्या मंडळींसाठी एवढंच, की त्या अधिकृत संकेतस्थळावर आता वर्षातून एकदा नव्हे, दर आठवड्याला तिन्ही रिपोर्ट फुकट मिळतात. त्यात स्कोअर नसतो. तो बऱ्याच बँका आपल्या ॲपमध्ये फुकट दाखवतात. तेव्हा तिथे ट्रायल घेण्याचं कारणच उरलेलं नाही.

रिपोर्ट काढताना

हाताशी ठेवा: पॅन कार्ड, कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेताना दिलेला मोबाइल नंबर आणि ईमेल. मोबाइल नंबर बदलला असेल तर इथेच गाडी अडते, कारण ओटीपी जुन्या नंबरवर जातो किंवा नोंद जुळत नाही. अशा वेळी आधी बँकेत जाऊन नंबर बदलून घ्या आणि एक-दोन महिने थांबा. नाव पॅनवर आहे तसंच टाका. पॅनवर वडिलांचं नाव मधे असेल तर तसंच, लग्नानंतर नाव बदललं पण पॅन जुन्या नावावर असेल तर जुनंच.

संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा. गूगलवर ‘फ्री सिबिल’ शोधलं की वरचे दोन-तीन दुवे बहुधा जाहिरातीचे असतात. माझं बोट तिथेच पडलं होतं.

सिबिल डॉट कॉमवर गेलात की फुकट स्कोअर आणि रिपोर्टचा दुवा शोधा. ईमेल, पासवर्ड, नाव, ओळखपत्राचा प्रकार आणि नंबर, जन्मतारीख, पिनकोड, मोबाइल. ओटीपी टाकला की ‘हे उपकरण लक्षात ठेवू का’ असं विचारतात. सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या फोनवर असाल तर नाही म्हणा. या वाटेत कुठेतरी सबस्क्रिप्शनच्या योजना मांडलेलं पान येऊ शकतं: एक महिना, सहा महिने, एक वर्ष. त्यातली एक योजना आधीच रंगवून ठेवलेली असते, म्हणजे तीच पुढची पायरी वाटावी. घाबरू नका. पानाच्या खाली किंवा कोपऱ्यात ‘नो थँक्स’ किंवा ‘स्किप’ अशा अर्थाचे बारीक शब्द असतात, त्यावर दाबा. पानांचं रूप अधूनमधून बदलतं, पण नकाराचा दुवा लहान आणि होकाराचं बटण मोठं, हे काही बदलत नाही. मग डॅशबोर्ड उघडतो. स्कोअर दिसला म्हणून तिथेच थांबू नका, पूर्ण रिपोर्ट उघडा आणि पीडीएफ उतरवून ठेवा.

एक्स्पेरियनचा रिपोर्ट त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो आणि २०२२ पासून व्हॉट्सॲपवरही मिळतो. तो नंबर मात्र त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या. कुणी पाठवलेल्या नंबरला पॅन पाठवू नका. इक्विफॅक्सची पद्धत साधारण सिबिलसारखीच. क्रिफ हाय मार्क ओळख पटवायला कधीकधी तुमच्याच कर्जाबद्दल प्रश्न विचारतं, म्हणजे अमुक वर्षी कोणत्या बँकेकडून कर्ज घेतलं वगैरे. उत्तर अंदाजाने देऊ नका, जुनी कागदपत्रं काढून बघा.

क्रिफबद्दल आणखी एक. ही कंपनी मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे छोट्या कर्जांच्या नोंदींतून वाढलेली आहे. घरातल्या बाईने गटातून, मायक्रोफायनान्स कंपनीकडून कर्ज घेतलं असेल तर तिचा क्रिफचा रिपोर्ट जरूर काढा. आमच्या ओळखीतल्या एका मावशींना वाटत होतं की आपल्या नावावर बँकेचं काहीच नाही, तर सिबिल कुठून येणार. रिपोर्टमध्ये गटाची तीन कर्जं निघाली. त्यातलं एक फेडलं होतं तरी चालू दिसत होतं. उलट, पतसंस्थेतलं कर्ज सहसा या रिपोर्टांत दिसत नाही, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नाही, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. ‘पतसंस्थेचे हप्ते दहा वर्षं वेळेवर भरले, तरी सिबिल का नाही?’ याचं उत्तर हे.

आणि हो, स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की लोक वर्षानुवर्षं बघतच नाहीत. तुम्ही कर्जासाठी अर्ज केल्यावर बँक जी चौकशी करते, त्या चौकश्या थोड्या दिवसांत खूप झाल्या तर आकडा खाली येतो.

ॲपवर फुकट दिसणाऱ्या आकड्याचं काय?

गूगल पे, पेटीएम, क्रेड, पैसाबाजार, वनस्कोअर आणि कित्येक बँकांची ॲप, सगळीकडे हल्ली स्कोअर फुकट दिसतो. तो खराच असतो. ॲप आपल्याला फुकट देतं कारण त्याला कर्ज आणि कार्ड विकायचं असतं. इथे किंमत रुपयांत नसते, फोन कॉलमध्ये असते. संमतीच्या चौकटीत ‘कर्जाच्या ऑफर पाठवायला’ परवानगी असेल तर पुढचे काही महिने ‘सर, प्री-अप्रूव्ह्ड लोन आहे’ ऐकायची तयारी ठेवा. ते नको असेल तर कंपनीच्याच दारातून जा.

ॲप वापरायचं तर दोन गोष्टी बघा. आकड्याखाली बारीक अक्षरात कोणत्या कंपनीचा स्कोअर आहे ते लिहिलेलं असतं. एका ॲपवर ७७१ आणि दुसऱ्यावर ७४२ दिसले म्हणून घाबरायचं नाही. कंपन्या वेगळ्या, हिशोबाची रीत वेगळी. दुसरं, ॲपमध्ये पूर्ण रिपोर्ट उतरवता येतो का ते बघा. नुसता आकडा म्हणजे परीक्षेचा निकाल कळणं, पण कोणत्या विषयात गेलो ते न कळणं.

रिपोर्ट वाचायला अर्धा तास काढा

पहिलं पान वैयक्तिक माहितीचं. नाव, जन्मतारीख, पॅन, जुने-नवे पत्ते, फोन नंबर. तुम्ही कधी राहिला नाहीत असा पत्ता किंवा अनोळखी नंबर दिसला तर लगेच खूण करा. आपल्याकडे एकाच तालुक्यात एकाच नावाचे पाच जण निघतात, पॅन न जोडता दिलेली जुनी कर्जं एकाच्या खात्यावरून दुसऱ्याच्या खात्यावर जातात. आणि पॅन चोरून कर्ज ॲपवरून पैसे उचलणारेही आहेत. दोन्ही गोष्टींचा पहिला सुगावा इथेच लागतो.

मग खाती. प्रत्येक कर्ज आणि कार्डाचा स्वतंत्र तक्ता: कधी घेतलं, किती बाकी, किती थकीत, कधी बंद. त्याखाली महिन्यांच्या चौकटी असतात, त्यांत हप्ता किती दिवस उशिरा आला ते लिहितात. ‘०००’ म्हणजे वेळेवर. ‘०३०’ म्हणजे तीस दिवस उशिरा. ‘एसटीडी’ म्हणजेही खातं ठीक. ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही, त्यात तुमचा दोष नाही. ‘एसयूबी’, ‘डीबीटी’, ‘एलएसएस’ यांतलं काही दिसलं तर मात्र खातं थकीत कर्जांत गेलेलं आहे.

खात्याच्या स्थितीत दोन शब्द शोधा: ‘सेटल्ड’ आणि ‘रिटन ऑफ’. वसुलीवाला म्हणतो, “साहेब, पन्नास हजारांऐवजी तीस द्या, विषय मिटवून टाकू.” विषय मिटतो, पण रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ असं पडतं आणि पुढची बँक ते वाचून मागे सरकते. पूर्ण रक्कम भरून ‘क्लोज्ड’ करून घेणं आणि निल दाखला, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र, मिळवणं परवडतं. ‘रिटन ऑफ’ म्हणजे बँकेने बुडीत धरलेलं, आणि ते बऱ्याचदा अगदी क्षुल्लक रकमेपायी असतं. न वापरलेल्या क्रेडिट कार्डाची वार्षिक फी, त्यावरचा दंड, त्या दंडावरचा कर.

आता जामीनदाराचं. यावर मी जास्त बोलतो, कारण आपल्याकडे हे दुखणं घरोघरी आहे. सहकारी बँकेतून कर्ज म्हटलं की दोन जामीनदार लागतात. मित्र येतो, मेहुणा येतो, “नुसती सही कर रे” म्हणतो. ती नुसती सही तुमच्या रिपोर्टमध्ये एक आख्खं खातं म्हणून येते, ‘गॅरंटर’ असा शिक्का मारून. त्याने हप्ते थकवले की चौकटी तुमच्या पानावरही लाल होतात. कित्येकांना हे स्वतःच्या गृहकर्जाचा अर्ज नाकारला गेल्यावर कळतं. रिपोर्टमध्ये असं खातं दिसलं तर तो नियमित भरतोय का हे दर तिमाहीला तपासा आणि कर्ज फिटलं की तुमचं जामीनदार म्हणूनचं खातंही बंद झालं का ते बघा. संयुक्त कर्जाचंही तेच.

शेवटी चौकश्यांची यादी. कोणत्या बँकेने, कोणत्या तारखेला तुमचा रिपोर्ट मागवला. तुम्ही अर्ज केला नव्हता अशी चौकशी दिसली तर त्या संस्थेला विचारा. बँकेने रिपोर्ट बघितला की कंपनीने तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल करायचा, असाही २०२३ चा आदेश आहे, म्हणून तुमचा नंबर नोंदवलेला असणं फायद्याचं.

रिपोर्ट अगदीच कोरा निघाला, ‘एनएच’ असं काही आलं, तर ती खराब नोंद नव्हे. इतिहासच नाही एवढाच त्याचा अर्थ. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज निव्वळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२५ च्या निर्देशांत आहे. पीककर्जासाठी सिबिल मागू नका, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावलेलं आहे. शाखेत काय ऐकायला मिळतं तो भाग वेगळा.

चूक सापडली तर

रिपोर्टवर वरच्या बाजूला एक कंट्रोल नंबर किंवा रिपोर्ट नंबर असतो. तक्रारीत तो लागतो, जपून ठेवा. कंपनीच्या संकेतस्थळावर ‘डिस्प्यूट’ असा दुवा असतो. तिथे नेमकं खातं, नेमकी नोंद आणि बरोबर काय ते लिहा. ‘माझं सिबिल चुकीचं आहे’ अशी तक्रार काही कामाची नाही. ‘अमुक खातं अमुक तारखेला बंद झालं, निल दाखला जोडला आहे, तरी २३,००० बाकी दिसते’ अशी हवी. तीच तक्रार त्याच दिवशी बँकेकडेही लेखी द्या आणि पोच घ्या, कारण कंपनी स्वतःहून काही खोडत नाही. माहिती बँकेची असते, बँकेने होकार दिला की बदलते. आणि चूक एका रिपोर्टमध्ये दिसली तर उरलेले तिन्ही काढून बघा.

तक्रार दिल्यापासून तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्यातले २१ दिवस बँकेला, बाकीचे कंपनीला. तीस दिवस उलटले की ३१व्या दिवसापासून दररोज १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळाली पाहिजे. जिच्यामुळे उशीर झाला तिने ती द्यायची. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रारीतच बँक खात्याचा तपशील द्या, म्हणजे नंतर सबब राहत नाही. तक्रार फेटाळली तर कारण सांगणंही बंधनकारक आहे. मात्र ‘माझा स्कोअर ७१० का, ७५० का नाही’ या वादाला ही भरपाई लागू नाही. हिशोबाच्या सूत्रावर भांडता येत नाही, नोंदीवर भांडता येतं.

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटत नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. सप्टेंबर २०२२ पासून या चार कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन इथे, फी काही नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा फोन आहे.

‘सिबिल वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. तो करतो ते एवढंच, जे वरच्या परिच्छेदांत लिहिलं आहे.

तरीही ट्रायल घ्यायचीच असेल

कधीकधी कारण असतं. गृहकर्जाची फाइल चालू आहे, दुरुस्तीची तक्रार दिली आहे आणि दोन महिने दर आठवड्याला रिपोर्ट बघायचा आहे. अशा वेळी शक्यतो आपोआप नूतनीकरण न होणारी, एकदाच पैसे घेणारी योजना निवडा. ट्रायल घेतलीच तर यूपीआय पिन टाकण्याआधी त्या पडद्यावर दहा सेकंद थांबा. तिथे वर ‘१ रुपया’ दिसतो, पण त्याखाली तीन ओळी असतात: जास्तीत जास्त किती कापता येईल, किती दिवसांनी आणि कुठल्या तारखेपर्यंत. ‘२,००० रुपयांपर्यंत, दरमहा, २०४५ पर्यंत’ असं काही वाचलंत की एक रुपयाचा अर्थ कळतो.

ऑटोपेची परवानगी त्याच दिवशी काढून टाका. सात दिवसांची सेवा बहुतेक ठिकाणी तरी चालू राहते आणि नाही राहिली तर गेला एक रुपया. रद्द करायचं ते दोन ठिकाणी: त्या सेवेच्या खात्यात सबस्क्रिप्शन आणि यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ खाली असलेलं मँडेट, म्हणजे तीच परवानगी. कार्ड दिलं असेल तर बँकेच्या ॲपमध्ये ई-मँडेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन शोधा. दोन्हींचे स्क्रीनशॉट ठेवा. ॲप फोनवरून काढून टाकल्याने काहीही थांबत नाही, मीही तेच करून बसलो होतो.

पैसे आधीच कापले जात असतील तर

ऑक्टोबर २०२१ पासून नियम आहे की कार्डावरून आपोआप रक्कम कापण्याआधी किमान २४ तास बँकेने तुम्हाला कळवायचं, त्यात कुणाला, किती, कधी हे असायला हवं आणि नकार द्यायची सोयही. तेव्हा पहिलं काम: मेसेजच्या पेटीत त्या कंपनीचं नाव शोधा. मेसेज सापडला तर तारीख टिपा, नाही सापडला तर बँकेकडे तक्रार करायला मुद्दा मिळाला. मँडेट लगेच रद्द करा. मग सेवेला ईमेल लिहा: अमुक तारखेला ट्रायल घेतली, त्यानंतर सेवा वापरली नाही, पैसे परत करा. फोनवर बोलू नका, लेखी राहू द्या. आठ-दहा दिवस वाट बघून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा आणि त्यात ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ हे शब्द वापरा. नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत ‘डार्क पॅटर्न’ (ग्राहकाला चकवणारी मांडणी) म्हणून ज्या तेरा प्रकारांना बंदी आहे, त्यांत हा एक आहे.

मी एवढं सगळं केलं. शेवटच्या महिन्याचे ४९९ बारा दिवसांनी परत आले. आधीचे दोन महिने ‘सेवा उपलब्ध होती’ या कारणाने नाकारले, आणि तिथे मी सोडून दिलं, कारण तोवर बँकेने मागवलेला रिपोर्ट आला होता आणि त्यात २०१६ मध्ये बंद केलेलं दुचाकीचं कर्ज अजून चालू दिसत होतं.